गल्लीचा हक्क आणि शाळेची घंटा

दुपारी बाराच्या सुमारास जुन्या मोहल्ल्यातल्या एखाद्या दोन सत्रांच्या शाळेबाहेर उभे राहून पाहावे. सकाळची मुले बाहेर पडत असतात, दुपारची आत येत असतात. गल्ली जेमतेम दोन रिक्षा जातील एवढी. त्यात पालकांच्या मोटारसायकली, मुलांनी खच्चून भरलेल्या व्हॅन, बर्फाचा गोळा विकणाऱ्याची हातगाडी. या सगळ्यांमधून दप्तर सावरत पहिली-दुसरीची मुले वाट काढतात. गाडी मागे घेणाऱ्या चालकाला एवढी लहान मुले आरशात दिसतही नाहीत.

अशा गल्ल्यांतले रहिवासी आता निवेदने देऊ लागले आहेत. दारासमोर गाड्या लागल्या की घरातल्या आजारी माणसाला बाहेर नेता येत नाही, ॲम्ब्युलन्स नाक्यावरच अडकते. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण शाळेच्या बाजूच्या मंडळींना ते टोचते. ‘चंदा गोळा करून उभी केलेली शाळा, आणि तुम्ही तिच्याविरुद्ध अर्ज करता?’ असा सवाल होतो. शिक्षिका म्हणून मला वाटते की हा अर्ज आपल्या मुलांच्याच बाजूचा आहे. त्यावर पालकांनीही सही करावी.

कारण ही गर्दी आपणच करतो. रस्त्यावर गाड्या फार, म्हणून मुलाला चालत पाठवायची भीती वाटते. म्हणून आपण त्याला गाडीवरून थेट फाटकापर्यंत सोडतो. तेवढी एक गाडी वाढते आणि शेजारची अम्मीही घाबरून उद्यापासून रिक्षा लावते. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि रिक्षाचे पैसेही नाहीत, त्यांची मुले या गर्दीत पायी उरतात. शिवाय रस्त्याची धास्ती वाढली की अनेक घरांत पहिली गदा मुलीच्या शाळेवर येते. हे नुकसान कोणत्याही अपघाताच्या नोंदीत दिसत नाही.

पालक आणि रहिवासी एकत्र आले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण नेदरलँड्सचे आहे. 1971 साली त्या छोट्या देशात रस्ते अपघातांत 400 हून अधिक मुले दगावली. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने 1972 मध्ये लेख लिहिला आणि ‘बालहत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभी राहिली. आईवडील रस्त्यावर उतरले. ॲमस्टरडॅमच्या एका दाट वस्तीत तर मुलांनीच आपली गल्ली गाड्यांसाठी बंद करा म्हणून आंदोलन केले. आज सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तो घडण्यात या पालकांचा मोठा वाटा आहे.

इटलीतल्या बोल्झानो शहराने 1980 च्या दशकाच्या अखेरीस एक साधा उपाय काढला. शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ शाळेसमोरचा रस्ता गाड्यांना बंद. लंडनमध्ये आज अशा शेकडो ‘शाळा-गल्ल्या’ आहेत. तिथल्या रहिवाशांना ये-जा करण्याची सवलत असते.

आपल्याकडेही कायदा आडवा येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 नुसार एखाद्या रस्त्यावर ठराविक वाहनांना बंदी घालता येते. महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तिच्यात पालकांचा आणि वाहतूक पोलिसांचा प्रतिनिधी असतो. आपल्या शाळेत ती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारायला संकोच कसला?

अर्जाला वजन यावे म्हणून आधी आठवडाभर मोजदाद करा. कोणत्या वेळी किती गाड्या येतात, किती थांबून राहतात, ते वहीत लिहा. मग मागण्या मोजक्या ठेवा. दोन सत्रांमध्ये निदान वीस मिनिटांचे अंतर असावे. शाळा भरताना-सुटताना गल्ली अर्धा तास बंद असावी. रिक्षा-व्हॅनसाठी नाक्यापलीकडे थांबा असावा. तिथून मुलांना रांगेने आणायला रोज दोन पालकांची पाळी लावता येईल. अर्जावर शाळा, पालक आणि गल्लीकर अशा तिघांच्या सह्या घेऊन तो वाहतूक शाखेत आणि वॉर्ड ऑफिसात द्या, पोच घ्या.

एक गोष्ट मात्र घरातूनच थांबली पाहिजे. चौदा वर्षांचा भाऊ स्कूटीवरून लहान बहिणीला शाळेत सोडतो आणि आपण त्याला ‘जिम्मेदार’ म्हणतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. त्या बहिणीच्या जिवाची भरपाई मात्र कोणत्याही दंडाने होणार नाही.

वाटेतला दगड बाजूला करणे सदका आहे, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. फाटकासमोर आडवी लावलेली मोटारसायकल त्या दगडाहून मोठी आहे. येत्या पालकसभेत गुणपत्रिकेआधी हा विषय काढा. आणि शंभर पावले अलीकडे थांबून मुलाचे बोट धरून चालायला कोणत्याही अर्जाची गरज नाही. ते उद्यापासूनच करता येईल.