पोरं नापास करता? आधी शाळेला मुख्याध्यापक द्या!

गिरणीतल्या आणि मागावरच्या भावांनो, बहिणींनो,

१ मे या दिवशी आपण दोन सण पाळतो. एक कामगारांचा, दुसरा महाराष्ट्राचा. सकाळी हुतात्म्यांच्या नावानं फुलं वाहतो, मग मोर्चाला जातो. त्याच दिवशी बहुतेक मराठी शाळांतून वर्षाचा निकाल लागतो. मोर्चाहून घोषणा देऊन घसा बसलेला बाप घरी येतो, तर पाचवीतलं पोर निकालाचा कागद दप्तरात दडवून भिंतीकडं तोंड करून बसलेलं असतं. बाप विचारतो, “काय झालं रं?” पोर बोलत नाही. आई सांगते, “थांबवलं म्हणं.”

‘थांबवलं’ हा नवा शब्द आहे. आमच्या वेळी सरळ ‘नापास’ म्हणत. आमच्यातले किती तरी जण चौथीला एकदा, पाचवीला एकदा नापास झाले आणि शाळेची पायरी कायमची उतरले. शाळेनं हाकलून दिलं नाही, घरच्यांनीही मारलं नाही. नुसती लाज वाटली. धाकटा भाऊ येऊन त्याच बाकावर बसणार म्हटल्यावर कोण जाईल? मग कुणी कांड्या भरायला लागला, कुणी झाडूवाला म्हणून खात्यात घुसला, कुणी वय वाढवून बदलीचं कार्ड मिळवलं. म्हणून हे पत्रक लिहिणारे हात बॉबिन धरायला सरावलेले आहेत, लेखणी धरायला नाहीत. व्याकरणाच्या चुका निघतील, त्या पोटात घाला. मुद्दा मात्र चुकीचा निघाला तर भर सभेत कान धरा.

मुद्दा हा आहे. २००९ साली संसदेनं शिक्षण हक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या १६ व्या कलमात सरळ लिहिलं होतं की, आठवी पुरी होईपर्यंत कुठल्याही पोराला वर्गात मागं ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचंही नाही. २०१९ साली हे कलम बदललं. पाचवीला आणि आठवीला नियमित परीक्षा घ्या, त्यात पोर नापास झालं तर त्याला जादा शिकवा, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्या, आणि तरीही पडलं तर मागं ठेवायचं का नाही ते त्या त्या सरकारनं ठरवावं, असं झालं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ते ठरवलं आणि २०२३-२४ पासून आपल्या पोरांवर ते सुरू झालं. केंद्र सरकारनं आपल्या ताब्यातल्या शाळांसाठी १६ डिसेंबर २०२४ ला नियम काढले. त्यांत एक वाक्य वाचण्यासारखं आहे : मागं ठेवलेल्या पोरांची यादी शाळाप्रमुखानं ठेवावी आणि त्यांच्या प्रगतीवर जातीनं लक्ष द्यावं.

जातीनं! वाक्य सोन्यासारखं आहे. केंद्राच्या शाळेत निदान प्रमुख तरी असतो. आमच्या शाळेत हे ‘जातीनं’ कोण करणार, ते आता बघा.

त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या शेवटी एक तक्ता जोडलेला आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर गेला तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद, सहावी ते आठवीला १०० च्या वर गेला तर. त्याच्या खाली काय? दोन मास्तर, तीन मास्तर, आणि त्यांतलाच एक ‘प्रभारी’. ज्याचा वर्ग त्याचाच कारभार. खिचडीच्या तांदळाचा हिशोब त्यानं ठेवायचा, यू-डायसची माहिती संगणकावर त्यानं चढवायची, आधारचे आकडे जुळत नाहीत म्हणून पालकांच्या दारी त्यानं जायचं, केंद्रप्रमुखाचा निरोप आला की बैठकीला त्यानं पळायचं. आणि मग उरलेल्या वेळात दोन वर्ग एका खोलीत बसवून शिकवायचं. २७ वं कलम म्हणतं, जनगणना, आपत्तीचं काम आणि निवडणूक एवढं सोडून मास्तराला शिकवण्याबाहेरचं काम देऊ नये. नुसत्या निवडणुकाच मोजा. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत!

गिरणीत जॉबर असतो. धागा सारखा तुटायला लागला तर जॉबर आधी रिंग बघतो, कापूस बघतो, खात्यातली हवा कोरडी पडली का ते बघतो. तोही मालकाचाच माणूस, पण तुटलेल्या धाग्याला शिक्षा करायची हे खूळ त्याच्या डोक्यात येत नाही. येतं ते मालकाच्या. कापडात डाग निघाला की कापा विणकराच्या मजुरीतून. सूत कच्चं दिलं कुणी? माग जुना ठेवला कुणी? ते विचारायचं नाही. आम्ही हा न्याय वर्षानुवर्षं अंगावर झेललाय, म्हणून सांगतो, पाचवीच्या परीक्षेचा न्याय हाच आहे. शाळेला मास्तर पुरे नाहीत, मुख्याध्यापक तर नाहीच, आणि माल खराब निघाला म्हणून दंड कुणाला? दहा-अकरा वर्षांच्या पोराला! त्याचं एक सबंध वर्ष कापून घ्यायचं.

आता ते दोन महिने बघा. निकाल १ मे ला. दोन महिने म्हणजे जूनची अखेर. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहून उशिरा. मधले दिवस सगळे सुट्टीचे. आमच्या वस्त्या त्या दिवसांत निम्म्या रिकाम्या असतात. बाया-पोरं गावाकडं. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या शेताची पेरणीपूर्व कामं. जे पोर गावी नाही ते आईबरोबर कामावर. आमच्या वस्तीतल्या शाळेतल्या बाई, प्रभारीच, मेच्या उन्हात नापास पोरांची घरं धुंडाळत फिरताना आम्ही पाहिल्या. सहापैकी चार घरांना कुलूप. त्या आमच्या उंबऱ्यावर बसून पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, “दादा, कायद्यानं मला यांना जादा शिकवायचंय. पोरं कुठनं आणू?” त्यांच्या तोंडावर आम्हांला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं देतोय.

कुणी म्हणेल, आणि आपल्यातलेच पुष्कळ म्हणतात, की नापासाची भीती हवीच. पोरं आठवीपर्यंत ढकलत नेली आणि त्यांना आपलं नाव धड लिहिता येईना. ही तक्रार खोटी नाही. आम्ही डोळ्यांनी बघितलंय. बँकेची पावती भरायला आठवी पास पोरगं पाठवावं तर ते रिकामी पावती घेऊन परत येतं. पण ते का झालं ते बघा. कायद्यानं नुसतं ‘नापास करू नका’ म्हटलं नव्हतं. २९ व्या कलमात म्हटलं होतं, वर्षभर सारखं बघत राहा, पोर कुठं अडलंय ते तिथल्या तिथं सोडवा. एक मास्तर आणि तीस पोरं हे प्रमाण प्राथमिकला ठरवून दिलं होतं. ‘नापास करू नका’ हा अर्धा भाग पाळला, कारण तो फुकटात पाळता येत होता. दुसरा अर्धा भाग पैशाचा होता, तो फायलीत राहिला. दहा वर्षं औषध दिलंच नाही आणि आता म्हणतात औषधाला गुण नाही! भीतीनं पोरं शिकत असती तर आम्ही आज खात्यात नसतो, कलेक्टर असतो. भीती आम्हांला कमी नव्हती.

आणि या झेंड्याचे, त्या झेंड्याचे, कुणीच यातून सुटत नाहीत. कायदा एकानं केला, बदलला दुसऱ्यानं, पैसा दोघांनी दिला नाही.

पट कमी आहे म्हणून मुख्याध्यापक नाही, मुख्याध्यापक नाही म्हणून शाळेला रया नाही, रया नाही म्हणून जरा चार पैसे हाती असलेला माणूस पोर उचलून इंग्रजी शाळेत नेतो, आणि पट आणखी घसरतो. मग सरकार पट मोजायला येतं. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांच्या वर निघाल्या. २०२३ मध्ये त्यांच्यासाठी ‘समूह शाळा’ काढायची टूम निघाली. नंदुरबारकडचं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही नमुन्याची नावं पुढं केली. चार-पाच वाड्यांच्या शाळा मोडून एका जागी मोठी शाळा करायची आणि पोरांना गाडीनं आणायचं. कागदावर झकास. गाडी बंद पडली त्या दिवशी काय, आणि वाडीतली मुलगी सातवीत गेल्यावर घरचे तिला गाडीत बसवतील का, ते कागदावर नव्हतं. आमच्यातले निम्मे त्याच वाड्यांतून आलेले आहेत. आमच्या बहिणी गावातच शाळा होती म्हणून चार बुकं शिकल्या.

गरिबांच्या पोरांना खाजगी शाळेत २५ टक्के जागा, तीही वाट फेब्रुवारी २०२४ मध्ये बुजवायला निघाले होते. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला सूट. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो नियम रद्द केला, म्हणून वाचलो. त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

भाषेचं मात्र लिहिलंच पाहिजे. १६ एप्रिल २०२५ ला हुकूम निघाला, पहिलीपासून हिंदी सक्तीची. महाराष्ट्र खवळला. १७ जूनला दुसरा हुकूम : ‘अनिवार्य’ शब्द काढला, पण हिंदी ठेवली, आणि दुसरी कुठली भाषा हवी असेल तर वर्गात वीस पोरं दाखवा म्हणाले. २९ जूनला दोन्ही हुकूम मागं घेतले. अडीच महिन्यांत तीन तऱ्हा! मंत्र्याला काय, सही केली, सही पुसली. त्या तिन्ही वेळा शाळेत जाब कुणाला विचारला गेला? पालकांनी मुख्याध्यापकाला विचारलं, वरच्या साहेबानंही त्यालाच. हिंदी बोलणाऱ्या माणसाशी आमचं भांडण नाही. तो आमच्या शेजारच्या मागावर उभा असतो, त्याचं पोर आमच्याच शाळेत येतं आणि आमच्या पोरांपेक्षा शुद्ध मराठी बोलतं. भांडण आहे ते वरून ढकलण्याशी. सहा वर्षांच्या पोराला मायबोलीत वाचता येण्याआधी तिसरी भाषा, आणि पाचवीत अडलं की नापास. हे दोन्ही एकाच डोक्यातून निघतं. त्या डोक्याला शाळा म्हणजे हुकूम पोचवायची टपालपेटी वाटते.

आता सगळ्यांत ताजं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. ज्या मास्तराची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे त्यानं दोन वर्षांत टीईटी ही पात्रता परीक्षा पास व्हायची. पाच वर्षांच्या आत उरली असेल तर नोकरी राहील, पण परीक्षा नाही तर बढती नाही. मास्तर शिकलेला असावा, तपासलेला असावा, याला आमची ना नाही. आमचीच पोरं त्याच्या हाती आहेत. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकाची खुर्ची बढतीनं भरते. वीस-पंचवीस वर्षं खडू झिजवलेली माणसं आता रात्री पोरांसारखी पुस्तकं घेऊन बसणार, आणि तोवर खुर्ची रिकामी. सरकारला हे आधी कळत नव्हतं? परीक्षेची तयारी, रजा, वर्ग सरकारी खर्चानं द्या. नाही तर प्रभारीवर प्रभारी बसवत राहाल.

आम्हांला हे सगळं का झोंबतं, ते मालक लोकांना कळायचं नाही. १८८१ सालच्या फॅक्टरी कायद्यानं सात वर्षांच्या पोराला नऊ तास गिरणीत राबवायची मुभा होती. सात वर्षांचं पोर! त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८८२ ला, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं सांगितलं की, बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आज आपण रविवारची सुट्टी घेतो ती त्यांच्या कष्टाची. शाळा आणि गिरणी ही दोन भांडणं या माणसांनी कधी वेगळी मानली नाहीत. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दंड बापाला होता, पोराला नव्हता. हे नीट लक्षात घ्या. आजच्या सरकारनं तो उलटा केला.

आणि आज चौदाच्या आतलं पोर कामाला लावणं कायद्यानं गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीत घरच्या बिनधोक्याच्या धंद्याला शाळा सांभाळून हात लावायची सवलत ठेवली. सवलतीचं दार केवढं रुंद होतं ते आम्हांला विचारा. पाचवीत थांबवलेलं पोर पहिले आठ दिवस घरी बसतं. नवव्या दिवशी ‘नुसतं बसून काय करतो’ म्हणून हाती काम येतं. पंधराव्या दिवशी त्याला पैसे दिसतात.

तेव्हा आमचं मागणं असं. पट कितीही असो, प्रत्येक सरकारी मराठी शाळेला मुख्याध्यापक द्या, आणि हिशोबाला वेगळा कारकून. तो येईपर्यंत पाचवी-आठवीला एकही पोर मागं ठेवू नका. जादा शिकवणं मेमध्ये कागदोपत्री नको, वर्षभर हवं, त्याला वेगळा माणूस हवा. वाडीवरची शाळा वाडीवरच ठेवा.

आणि आपल्या वाट्याचंही आहे, ते टाळून चालणार नाही. कायद्याच्या २१ व्या कलमानं शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात चारांत तीन सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बाया. शाळेला मिळालेल्या पैशावर नजर ठेवायचा हक्क तिला आहे. आपल्यापैकी किती जण तिच्यावर आहेत? आहेत त्यांतले किती बैठकीला जातात? बैठक ठेवतात सकाळी अकराला. पहिली पाळी खात्यात असते आणि रात्रपाळी झोपलेली. मग रजिस्टर घरी येतं, आपण अंगठा किंवा सही देतो आणि ठराव पास! अशा ठरावांवर किती शाळांची दुरवस्था आपल्याच सहीनं ‘समाधानकारक’ झाली असेल, याची आम्हांला शरम वाटते.

मुख्याध्यापकाला, प्रभारीला, जो असेल त्याला, लेखी अर्ज द्या की बैठक पाळी सुटल्यावर किंवा सुट्टीच्या वारी ठेवा. तो आपला दुश्मन नाही, तोही दोन दगडांमध्ये सापडलेला आहे. अर्जावर दहा पालकांची नावं घाला, त्यांत पाच बायांची. बैठकीला डबा घेऊन तसेच कामाच्या कपड्यांत या. पाचवी-आठवीच्या पोरांचं काय चाललंय ते निकालाआधी, दिवाळीतच विचारा. रजिस्टर पुढं आलं की सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर पोराला जवळ बसवा आणि त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.