रेघ ओढली, दार राहिले

1 नोव्हेंबर उजाडतो तेव्हा मुधोळच्या काळ्या शिवारात कापसाची वेचणी ऐन भरात असते. तेलंगणात या तारखेचा सोहळा आता होत नाही. राज्याचा वाढदिवस 2 जूनला साजरा होतो. पण मुधोळ, भैंसा आणि कुबीर या तीन मंडळांचे नशीब ठरले ते 1 नोव्हेंबर 1956 रोजीच. त्या दिवशी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात. राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुक्याची ही तीन मंडळे उचलून आदिलाबादला जोडली. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल निझामाबादकडे गेली. उलट बाजूने किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. गावे, शाळा, कचेऱ्या, दप्तरे अशी सगळ्याची मोजदाद करून वाटणी झाली. बाजाराची वाटणी मात्र कुणाला सुचली नाही आणि ती करता येण्यासारखीही नव्हती.

जुने हैदराबाद हे व्यापारापुरता स्वतंत्र देशच होते. त्याचा हाली शिक्का वेगळा, सरहद्दीवर करोडगिरीची नाकी, बाहेरून येणाऱ्या मालावर जकात. आतल्या आत मात्र मुधोळचा कापूस नांदेडला जावो की निझामाबादला, त्याला कुणी अडवत नसे. 1948 मध्ये संस्थान भारतात आले, 1950 च्या आर्थिक एकत्रीकरणानंतर करोडगिरीही टप्प्याटप्प्याने गेली. म्हणजे बाहेरची नाकी उठली आणि सहा वर्षांच्या आत, जिथे कधी नाके नव्हते तिथे दोन राज्यांची हद्द उभी राहिली. मनमाडकडे जाणारी गाडी बासरचे स्टेशन सोडते, थोड्या वेळात धर्माबाद येते. प्रवाशाला हद्द जाणवतही नाही. ती जाणवते टेम्पोत माल भरून निघालेल्या शेतकऱ्याला.

सामायिक बाजारातून बाहेर पडण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आज साऱ्या जगापुढे आहे. ब्रिटनने 23 जून 2016 रोजी सार्वमत घेतले. 51.9 टक्के मतदारांनी युरोपीय महासंघ सोडण्याचा कौल दिला. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन बाहेर पडला आणि 2021 च्या पहिल्या दिवसापासून नवी व्यवस्था लागू झाली. दोन्ही बाजूंनी आनंदाने सांगितले की करारानुसार मालावर आयात शुल्क शून्य राहील. शुल्क शून्यच राहिले, पण कागद वाढले. जकातीची घोषणापत्रे, मांस आणि दुधाच्या पदार्थांसाठी आरोग्य प्रमाणपत्रे, माल मूळचा कुठला याचे दाखले. मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी माणसे नेमली. छोट्या उत्पादकांना एका पेटीमागचा कागदांचा खर्चच परवडेना. या वेगळे होण्याने दीर्घ मुदतीत देशाची उत्पादकता सुमारे 4 टक्क्यांनी कमी राहील, असे तिथल्या सरकारी अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचे अनुमान आहे.

सर्वाधिक ताण आला तो सरहद्दीवर. आयर्लंडच्या बेटावर पुन्हा नाकी बसू नयेत म्हणून तपासणीची रेघ समुद्रात ओढावी लागली. त्या वादात उत्तर आयर्लंडचे सरकार 2022 ते 2024 अशी दोन वर्षे ठप्प झाले. मध्येच 2023 मध्ये ही तपासणी सोपी करणारा ‘विंडसर चौकट’ नावाचा करार आला आणि मे 2025 मध्ये अन्नपदार्थांवरची तपासणी हलकी करण्यासाठी ब्रिटन व महासंघ पुन्हा बोलायला बसले. बाहेर पडायला एक मतदान पुरले. दार कुठे ठेवायचे हे मात्र नऊ वर्षे ठरत होते.

मुधोळच्या शेतकऱ्याला हे अनोळखी वाटणार नाही. त्याच्याही वाटेत कर नाही. 1 जुलै 2017 पासून वस्तू आणि सेवा कर आला, राज्यांच्या विक्रीकराची तपासणी नाकी उठली. संविधानाचे कलम 301 तर देशभर व्यापार मुक्त असल्याचे सांगतेच. तरीही त्याच्या मालाच्या वाटेत कागद आहे. हमीभावाच्या खरेदीची सगळी रचना राज्याच्या जमीन दप्तरावर उभी आहे. इकडे पट्टादार पासबुक, तिकडे सातबारा आणि ई-पीक पाहणी. दोन्ही बाजूंना थोडी थोडी जमीन असलेल्या कुटुंबाला एकाच घरातले एकच पीक दोन राज्यांच्या दोन पद्धतींनी नोंदवावे लागते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. तो दोन्ही बाजूंना सारखाच, केंद्रानेच ठरवलेला, खरेदी करणारे कापूस महामंडळही एकच. तरी शेतकऱ्याला जवळच्या केंद्राऐवजी त्याच्या दप्तराचे केंद्र गाठावे लागते.

खुल्या बाजारात माल कुठेही न्यायला मोकळीक आहे, हे खरे. पण पैसे अडकले तर काय? बाजार समितीचा अधिकार तिच्या हद्दीत आणि तिच्या परवानाधारकावर चालतो. धर्माबादच्या अडत्याकडे माल घातलेल्या मुधोळच्या शेतकऱ्याला दाद मागायची तर महाराष्ट्राच्या कायद्याने, आणि भैंशाच्या यार्डात फसलेल्या भोकरच्या शेतकऱ्याला तेलंगणाच्या कायद्याने. एकाच्या हातात मराठीतली पट्टी, दुसऱ्याच्या हातात तेलुगूतली. हिशेबाची पट्टी वाचता न येणे ही भाषिक अस्मितेची गोष्ट नाही. तोलाई, हमाली आणि कटतीच्या नावाखाली किती कापले, हे कळण्याची ती गोष्ट आहे.

हद्द बाजाराच्या आड आली की काय होते, याचा एक धडा महाराष्ट्राने स्वतः घेतला आहे. 1971 च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि 1972 च्या हंगामापासून राज्यातला कापूस पणन महासंघालाच विकण्याचे बंधन आले. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकऱ्याला सोडवायचे होते, आणि पडत्या भावाच्या वर्षांत योजनेने त्याला आधारही दिला. पण ज्या वर्षी बाहेर भाव चढा असे, त्या वर्षी कापूस रात्री हद्द ओलांडून शेजारच्या राज्यांत जाई. स्वतःच्या शेतातले बोंड विकणारा माणूस कायद्याच्या नजरेत तस्कर ठरला. जवळपास तीस वर्षांनी ती भिंत पडली. एका राज्याने एकट्याने बाजारातून अंग काढून घेतले तर सरहद्दीवरचा शेतकरी आधी भरडला जातो, हे त्या तीस वर्षांनी शिकवले.

आज तीच गोष्ट धानाच्या बाबतीत दिसते. तेलंगणाने बारीक धानाला हमीभावावर क्विंटलमागे 500 रुपये बोनस दिला आणि शेजारच्या राज्यांतला धान येऊ नये म्हणून हद्दीवर तपासणी नाकी बसवली. सरकारचे म्हणणे चुकीचे नाही. बोनस तेलंगणाच्या करदात्याच्या पैशातून जातो, तो तेलंगणाच्या शेतकऱ्यालाच मिळायला हवा. पण नाक्यावरचा शिपाई पोत्यातला धान कुठल्या राज्याचा हे पाहून ओळखू शकत नाही. तो कागद मागतो. कागद घरी राहिलेला इथलाच शेतकरीही मग तिथेच अडकतो.

अशा त्रासातून राजकारण उगवते. मे 2018 मध्ये तेलंगणात रयतु बंधू योजना सुरू झाली, एकरी 4,000 रुपये हंगामाआधी शेतकऱ्याच्या हाती पडू लागले. त्याच वर्षी धर्माबाद तालुक्यातील सुमारे 40 गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या, अशी मागणी केली. मराठी बोलणारी गावे महाराष्ट्र सोडायला निघाली याचे अनेकांना दुःख झाले. आम्हालाही झाले. पण त्या गावांना दोष देता येणार नाही. बांधापलीकडच्या शेतात पैसे येताना दिसत असतील, तर कोणत्याही शेतकऱ्याची नजर तिकडे जाणारच. तरीही हद्द पुन्हा सरकवणे हा उपाय नव्हे. नवी रेघ नव्या मुधोळला जन्म देईल. आज जे तीन मंडळे सोसतात ते उद्या दुसरी तीन सोसतील.

उपाय काय, हे याच परिसरातल्या गोदावरीने दाखवले आहे. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्यावरून दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडली. जुलै 2010 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू सहकाऱ्यांसह आले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली. भावना तापल्या. अखेर 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे राहतील, 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडले जाईल आणि देखरेखीला केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीसह दोन्ही राज्यांची त्रिसदस्य समिती असेल. कुणाचेही समाधान शंभर टक्के झाले नाही. पण दार कधी उघडायचे, कधी लावायचे, याची तारीख ठरली. पाण्यासाठी असे वेळापत्रक ठरू शकते, तर कापूस, सोयाबीन आणि हळदीसाठी का ठरू नये?

अडचण व्यासपीठाची आहे. 1956 च्या ज्या कायद्याने मुधोळची वाटणी केली, त्यानेच राज्यांनी एकत्र बसावे म्हणून विभागीय परिषदा नेमल्या. पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे आणि तेलंगणा दक्षिण परिषदेत. एकमेकांना चिकटलेले नांदेड आणि निर्मल हे जिल्हे, 2016 मध्ये आदिलाबादमधून मुधोळसह निर्मल वेगळा झाल्यावरही, एका टेबलावर येत नाहीत. दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय त्याच कायद्यात आहे. ती वापरण्याची वेळ कधीच येऊन गेली.

आमची मागणी तीन गोष्टींची आहे. हद्दीलगतच्या शेतकऱ्याला हमीभावासाठी दोन्ही राज्यांतले जवळचे केंद्र निवडता यावे आणि जमिनीची पडताळणी सरकारांनी आपसांत संगणकावर करावी. धर्माबाद, भोकर, भैंसा आणि निझामाबाद येथील बाजार समित्यांनी परस्परांच्या हद्दीतल्या शेतकऱ्याची तक्रार आपली मानून ठरावीक दिवसांत निकाली काढावी, आणि पैसे बुडवणाऱ्याचा परवाना दोन्हीकडे रद्द व्हावा. खरेदीची पट्टी आणि अर्ज तेलुगू व मराठी दोन्हींत मिळावेत. यांपैकी कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही, हद्दही हलवावी लागत नाही.

सुरुवात नांदेड आणि निर्मलच्या जिल्हाधिकाऱ्यांना करता येईल. पुढच्या हंगामाची पहिली वेचणी घरात येण्याआधी दोघांनी बासरला किंवा धर्माबादला एक दिवस बसावे, बाजार समित्यांना बोलवावे आणि समोर शेतकऱ्यांना बसवावे. सत्तर वर्षांपूर्वी रेघ ओढणाऱ्यांना या शिवाराला काही विचारता आले नाही. दार बसवताना तरी त्याला विचारले पाहिजे.