संभाषण दोघांचे, मग प्लगिनचा निर्णय एकट्याचा कसा?

चॅटच्या प्रोग्रामला अनोळखी माणसाने लिहिलेले प्लगिन जोडताना आपण क्षणभरही थबकत नाही. फाईल उतरवली, प्लगिनच्या फोल्डरमध्ये टाकली, यादीत खूण केली, झाले! या सवयीची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब आता मांडायलाच हवा.

१. धोका काल्पनिक नाही. पिजिन हा स्वयंसेवकांनी १९९८ पासून जोपासलेला मुक्तस्रोत चॅट प्रोग्राम. ६ जुलै २०२४ रोजी त्याच्या त्रयस्थ प्लगिनांच्या यादीत ‘एसएस-ओटीआर’ दाखल झाले. वरवर काम स्क्रीन दाखवण्याचे. आत मात्र कळफलकावरची प्रत्येक कळ टिपणारा हेर. १६ ऑगस्टला एका जागरूक वापरकर्त्याने तक्रार केली, तेव्हा ते यादीतून निघाले. तब्बल सहा आठवडे घरभेदी घरातच होता.

२. ‘आमच्या गप्पा एन्क्रिप्टेड आहेत’ हे समाधान इथे फोल आहे. प्लगिन प्रोग्रामच्या पोटात, त्याच्याच अधिकारांनिशी चालते. मजकूर कुलूपबंद होण्याआधीच कळा टिपल्या जात असतील, तर ते कुलूप कोणाला अडवणार? पाकिटावर लाखेची मोहोर असून उपयोग काय, लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून कोणी वाचत असेल तर?

३. यादी करणाऱ्यांनाही हात झटकता येणार नाहीत. या प्लगिनचा सोर्स कोड दिलेलाच नव्हता, होत्या फक्त तयार फाईली. त्यांवर वैध डिजिटल प्रमाणपत्राची सहीसुद्धा होती. पुढे पिजिनने मान्यताप्राप्त मुक्तस्रोत परवाना असलेलीच प्लगिने यादीत घेण्याचे ठरवले. निर्णय योग्य, पण तो नुकसानीनंतर आला. ज्याचा कोड पाहता येत नाही, त्याची शिफारस करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

४. हा प्रश्न आपल्या दारातही उभा आहे. व्हॉट्सॲपच्या ‘जादा सोयीं’च्या अनधिकृत आवृत्त्या आपल्याकडे हातोहात फिरतात. त्यांतल्याच एफएम व्हॉट्सॲपच्या एका आवृत्तीत २०२१ मध्ये ट्रायडा हा घातक ट्रोजन सापडला होता. आपल्या मोहापायी समोरच्याचा पत्ता, आजार, खातेक्रमांक उघडा पडला तर? त्याने कधी संमती दिली होती? दुसऱ्याचा विश्वास पणाला लावण्याचा हक्क आपल्याला कोणीच दिलेला नाही.

५. प्लगिन टाकणे ही सुरुवात आहे. सांभाळणे हे खरे कर्तव्य. कोणते प्लगिन कोणी, कशासाठी टाकले, त्याची देखभाल अजून कोणी करते का, याची नोंद प्रत्येक कार्यालयात, शाळेत, पतसंस्थेत हवी. वापरात नसलेले काढून टाका. संशयास्पद निघाले तर नुसती फाईल पुसून भागत नाही. संगणक तपासा, दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून पासवर्ड बदला आणि ज्यांच्याशी बोललात त्यांना कळवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती जपण्याची जबाबदारी ती हाताळणाऱ्या संस्थांवर टाकली आहे. ‘कर्मचाऱ्याने परस्पर टाकले’ ही सबब यापुढे चालता कामा नये.

मित्रहो, त्या एका वापरकर्त्याने शंका घेतली म्हणून हेर पकडला गेला. तेवढी शंका आपण प्रत्येकाने घ्यायला नको का?