चकाकीआधी खूण वाचा

परवा कॉलेजच्या पार्किंगमध्ये एका जुन्या बुलेटभोवती घोळका जमला होता. गाडीचा एकेक बोल्ट आरशासारखा. सगळे फोटो काढत होते. माझी नजर मात्र पुढच्या डिस्क ब्रेकच्या बोल्टांवर गेली. तेही चकचकीत, आणि त्यांच्यावर एकही अक्षर नव्हतं. हीच चूक मी गेल्या मे महिन्यात केली होती, म्हणून हे लिहितोय.

आमचं घर समुद्राजवळ. खारा वारा आणि पाऊस मिळून पप्पांच्या गाडीचे बोल्ट तांबडे करून टाकतात. मी स्टेनलेसचा आख्खा सेट आणला आणि पॉलिश करायला बसलो. रीत सोपी, काम वेळखाऊ. बोल्टच्या आट्यांवर दोन नट घट्ट चढवायचे, ते ड्रिल मशीनच्या चकमध्ये पकडायचे आणि फिरत्या डोक्यावर पॉलिश पेपर धरायचा. आधी २४० नंबर, मग ४००, ८००, १२००, २०००. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. शेवटी बफ. डोळ्यांवर चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या चकमध्ये गुंडाळले जातात. आठवडाभर हाच उद्योग. ममी म्हणाली, "अभ्यासाला इतका बसला असतास तर!"

बोल्ट बसवायला मेस्तांकडे गेलो. त्यांनी डबा बघितला आणि विचारलं, "बाबा, हातूंतलो ब्रेकाचो खंयचो?" मी म्हटलं, "सगळे सारखेच, स्टेनलेस." ते काही बोलले नाहीत. ब्रेकचा जुना गंजका बोल्ट काढून फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या डोक्यावर ८.८ असं कोरलेलं होतं. माझ्या बोल्टांवरही सुरुवातीला ए२-७० होतं. ते मी २४० नंबरच्या पेपरने पुसून टाकलं होतं, आणि ते कशासाठी असतं हे विचारलंही नव्हतं.

घरी येऊन वाचलं. ८.८ चा बोल्ट तुटायला दर चौरस मिलिमीटरला किमान ८०० न्यूटन ताण लागतो, आणि कायमचा लांबायला साधारण ६४०. ए२-७० तुटायला ७००, पण कायमचा लांबायला फक्त ४५०. म्हणजे जास्त चमकणारा बोल्ट आधी सैल पडणार. आणि त्याच गाडीवर दर रविवारी मिसाला जाताना माझ्या मागे ममी बसते.

माझं म्हणणं पॉलिशच्या विरोधात नाही. स्टेनलेसमधल्या क्रोमियममुळे त्यावर अगदी पातळ थर तयार होतो आणि तोच गंज अडवतो. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितकं मीठ आणि चिखल कमी चिकटतो. आमच्यासारख्या खाऱ्या हवेत पॉलिश म्हणजे नुसती मिरवणूक नव्हे. पण गंज न येणं वेगळं आणि भार सोसणं वेगळं. आपण दोन्हींना एकाच शब्दात "मजबूत" म्हणतो आणि तिथेच फसतो.

मित्र म्हणतात, "अरे, वर्षभर चालवतोय, काही झालं नाही." खरं असेल. पण ब्रेकची परीक्षा रोज होत नसते. एखाद्या दिवशी रस्त्यात गाय आडवी येते, तेव्हा होते.

म्हणून माझं मत सरळ आहे. नंबर प्लेट, मडगार्ड, इंजिनाची बाजूची झाकणं, इथे हौसेने स्टेनलेस लावा; ॲल्युमिनियममध्ये बसवताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी बोल्ट निघणार नाही. ब्रेक, ॲक्सल, हँडल इथे कंपनीने दिलेल्या ताकदीचाच बोल्ट हवा, दिसायला कसाही असो. त्याला घासूही नका, कारण त्याच्यावरचा मुलामा गेला की गंज लगेच धरतो. आणि कुठलाही बोल्ट पॉलिश करताना खूण असलेला भाग सोडा. उद्या गाडी दुसऱ्याच्या हातात गेली, तर त्याला तो बोल्ट ओळखता आला पाहिजे.

पार्किंगमधल्या त्या मुलाला मी हे सांगितलं. त्याला आवडलं नाही. फोटो काढणाऱ्यांनाही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने मला मेस्तांचा नंबर मागितला.