मुक्कामाची गाडी : घ्यावी, बांधावी की भाड्याने करावी?



वस्तीतल्या तरुण मुलांच्या डोक्यात सध्या एक नवी कल्पना घोळते आहे. मोबाईलवर त्यांनी कॅम्पर नावाची गाडी पाहिली. गाडीतच बिछाना, गाडीतच शेगडी, पाण्याची टाकी आणि रात्री पंखा. जिथे थांबाल तिथे घर. मुले म्हणतात, "दादा, पाच-सहा घरांनी मिळून एखादी जुनी ट्रॅव्हलर घेऊ, आतून फळ्या मारून घेऊ. मग दीक्षाभूमी, वेरूळ, अजिंठा, जमले तर बुद्धगयासुद्धा. लॉजचा खर्च नाही, कुणाच्या दारात उभे राहणे नाही."

कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 'कुणाच्या दारात उभे राहणे नाही' या वाक्यामागे आपल्या समाजाचा मोठा इतिहास आहे. तो आधी आठवू, मग हिशेबाला बसू.

१९०१ साली बालवयातले बाबासाहेब भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. त्यातही अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. रात्रभराच्या त्या प्रवासात डबा होता, पण पाणी मिळाले नाही म्हणून मुले उपाशी राहिली. पुढे १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना न्यायला नकार दिला. आपला पाहुणा पायी जाऊ नये म्हणून वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला आणि कधी टांगा न हाकलेल्या एकाने लगाम हाती घेतला. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. १९३४ साली सुमारे ३० सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला जाताना दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, एवढ्यावरून गर्दी अंगावर आली. या तिन्ही हकिगती बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

म्हणून आपल्यासाठी गाडी ही नुसती चैन नाही. आपल्या गाडीतून, आपल्या माणसांबरोबर, ताठ मानेने लेणी पाहायला जाणे याला अर्थ आहे. पण चाळीसगावचा धडाही विसरू नका. मान राखण्याच्या भरात नवख्या हातात लगाम गेला आणि जिवावर बेतले. गाडीचा विचार करताना मान आणि जीव, दोन्ही तराजूत टाकले पाहिजेत.

आता गाडीकडे येऊ. आपल्या आवाक्यात बोलले जाणारे प्रकार साधारण तीन.

पहिला प्रकार ईको, म्हणजे पूर्वीच्या ओम्नीच्या जातीची छोटी व्हॅन. मागची आसने काढून फळी टाकली की दोन माणसे झोपतात, फार तर कुशीत एक लहान मूल. आत उभे राहता येत नाही. कपडे बदलायचे तर वाकून. नवरा-बायको आणि एक लेकरू यांना ठीक, पण आई-वडील सोबत असतील तर उपयोग नाही.

दुसरा प्रकार बोलेरोसारखी जीप. खराब रस्त्याला दणकट. सात माणसे बसतात, पण झोपायला ती गाडी नव्हे. रात्री विहारात किंवा धर्मशाळेत मुक्काम ठरलेला असेल तरच घ्यावी.

तिसरा प्रकार ट्रॅव्हलर किंवा विंगर. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने १९८७ साली टेम्पो ट्रॅव्हलर काढली. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले, तरी लोक आजही टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. उंच छताच्या गाडीत बायामाणसांना बऱ्यापैकी वावरता येते. आसनांची संख्या लांबीप्रमाणे बदलते. मात्र एक साधे गणित ध्यानात ठेवा. बसायला दीड फूट रुंदी पुरते, झोपायला सहा फूट लांबी आणि दोन फूट रुंदी लागते. बारा जण बसणाऱ्या गाडीत बारा जण झोपू शकत नाहीत. चार झोपले, फार तर पाच. म्हणजे सहा घरांची गाडी झोपायची केली की ती एका घराची होते. गाडी पाहायला जाताना खिशात टेप न्या आणि प्रत्यक्ष आडवे पडून बघा. विकणाऱ्याच्या तोंडच्या मापावर विसंबू नका.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावर जशी गाडी आहे तिच्यात मनाने मोठा फेरफार करता येत नाही. आसने उपटून पलंग ठोकायचे तर आधी आरटीओची परवानगी हवी आणि बदलाची नोंद आर.सी. बुकावर हवी. नाक्यावरच्या वेल्डरकडून काम उरकून घेतले आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील. घरगुती गॅसची टाकी गाडीत बसवणे तर सरळ धोक्याचे. चालत्या गाडीत शेगडी पेटवायची नाही. बंद काचांच्या गाडीत कोळशाची शेगडी ठेवून किंवा इंजिन चालू ठेवून झोपायचे नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

दुसरी बाब परवान्याची. खासगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. मंडळाने गाडी घ्यायची, स्वतः वापरायची आणि उरलेल्या दिवशी लग्नाला भाड्याने द्यायची, असा विचार असेल तर पिवळी पाटी, परवाना आणि फिटनेस सर्टिफिकेट हे सर्व आले. परराज्यात, म्हणजे बुद्धगयेला जायचे तर त्याचा परवाना वेगळा. ड्रायव्हर सोडून १२ पर्यंत प्रवाशांची गाडी कायद्यात मॅक्सी कॅब समजली जाते. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावरही १२ ची मर्यादा ओलांडली की हलक्या गाडीचा दर जाऊन मिनीबसचा लागतो. तेव्हा गाडी १२ ची की १७ ची हे ठरवताना टोलही धरा.

आता कागद-पेन्सिल घ्या. पुढील आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हीच रीत वापरा.

समजा जुनी ट्रॅव्हलर ६ लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी ३ लाखांना विकली. म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये झीज. विमा, कर, फिटनेस आणि गाडी उभी करण्याची जागा मिळून ४०,००० धरू. टायर, बॅटरी, दुरुस्ती ३०,०००. एकूण १,३०,००० रुपये. हा खर्च गाडी दारात उभी असली तरी होतो. कर्ज काढले असेल तर व्याज निराळे.

गाडी निघाली की रोज ३०० किलोमीटर धरू. लिटरला १० किलोमीटर, म्हणजे ३० लिटर डिझेल, ९० च्या भावाने २,७०० रुपये. ड्रायव्हरचे १,०००. झाले ३,७०० रुपये रोज.

भाड्याच्या गाडीला किलोमीटरला २४ रुपये आणि ड्रायव्हरचा भत्ता ५०० धरला तर त्याच दिवसाचे ७,७०० रुपये होतात. फरक ४,००० रुपयांचा. आता १,३०,००० ला ४,००० ने भागा. साडेबत्तीस येतात. याचा अर्थ असा की वर्षातून ३२-३३ दिवसांपेक्षा कमी फिरणार असाल, तर स्वतःची गाडी तोट्यात आहे. गिरणी-कारखान्यात, पालिकेत, नाक्यावर काम करणाऱ्या आपल्या माणसाला वर्षात सहलीचे ३३ दिवस मिळतात का? आठ-दहा मिळाले तरी पुष्कळ. तेव्हा आपल्या बहुतेक घरांना भाड्याची गाडीच परवडते. आणि निव्वळ मुंबई-नागपूर जाऊन यायचे असेल तर रेल्वेचे शयनयान याहूनही स्वस्त. गाडी करावी ती म्हाताऱ्यांसाठी, लहान मुलांसाठी आणि रेल्वे जिथे पोहोचत नाही अशा लेण्यांसाठी. कार्ले, भाजे, बेडसे किंवा जुन्नरची लेणी एका दौऱ्यात पाहायची तर गाडीला पर्याय नाही.

सामाईक मालकीबद्दल एक शब्द. गाडी नोंदवली जाते एकाच्या नावावर. अपघाताची जबाबदारी येते त्याच्यावर. बाकी पाच जण पहिल्या वर्षी हप्ता देतात आणि दुसऱ्या वर्षी तोंड चुकवतात. गाडीपायी शेजार तुटू देऊ नका. घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत मंडळाच्या नावावर घ्या. ठराव लिहा, जमाखर्चाची वही ठेवा आणि दर सहा महिन्यांनी हिशेब विहारात वाचून दाखवा.

आता सर्वांत महत्त्वाचे, जिवाचे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते आमणे असा पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. रस्ता सरळ आहे, म्हणून ड्रायव्हरचा डोळा लागतो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर आदळली आणि १२ माणसे गेली. १७ जणांच्या त्या गाडीत ३५ माणसे होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. तीही आपल्यासारखीच कष्टकरी माणसे. श्रद्धेने दर्शनाला गेलेली, परतीच्या वाटेवर. "थोडे सरकून बसा, लेकराला मांडीवर घ्या" हे शब्द आपल्याकडे प्रेमाने बोलले जातात. पण प्रेमाने बसवलेला अठरावा माणूस बाकीच्या सतरांचाही जीव धोक्यात घालतो. आसने तितकीच माणसे, हा नियम मंडळाच्या अध्यक्षालाही लागू करा. आणि चालत्या गाडीत बिछान्यावर कुणी आडवे पडायचे नाही. गाडी चालू असेल तेव्हा आसन आणि पट्टा, थांबली की बिछाना.

ड्रायव्हर हाही कामगार आहे हे आपण विसरतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात त्याला दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले होते. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखान्यातला ४८ तासांचा आठवडा कायद्यात आणवला. त्या आठ तासांचा अभिमान सांगणारे आपण, आपल्याच सहलीत ड्रायव्हरला अठरा तास जुंपणार काय? मुंबई-नागपूर एका दमात करायचे तर दोन ड्रायव्हर घ्या, नाहीतर वाटेत मुक्काम करा. ड्रायव्हर झोपेल तिथे पंखा आहे का, त्याला वेळेवर जेवण मिळाले का, ते पाहणे हे पंचशील पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्यातच आपली सुरक्षाही आहे.

भाड्याची गाडी ठरवताना एवढे करा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा, फिटनेस आणि पी.यू.सी.ची मुदत बघा. मालकाकडे परवान्याची प्रत मागा. टायर डोळ्यांनी पाहा. किलोमीटरचा दर, दिवसाला किमान किती किलोमीटर, टोल, पार्किंग आणि भत्ता कोणाकडे, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, त्याप्रमाणे दिवस लावा. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे तिथल्या बसने जावे लागते. म्हाताऱ्या माणसांसाठी तो वेळ हाताशी ठेवा.

शेवटी माझ्या तरुण मित्रांना एक प्रश्न. गाडीत शेगडी हवी हे तुम्ही ठरवलेत, पण तिच्यापुढे कोण बसणार? आई, वहिनी, बहीणच ना? चुलीला चाके लावली म्हणून बाई चुलीतून सुटत नाही. वर्षभर राबणारी माऊली लेणी पाहायला निघाली आणि तिथेही बारा जणांच्या भाकऱ्या थापत बसली, तर ती सहल कोणाची? आणि रात्री अनोळखी जागी गाडी उभी केल्यावर संडासाला कुठे जायचे, हा प्रश्न पुरुष कागदावर लिहीतसुद्धा नाहीत. बायका मात्र त्यासाठी दिवसभर पाणी पीत नाहीत. म्हणून मुक्काम असा निवडा जिथे संडास, पाणी आणि उजेड आहे. तो विहार असो, धर्मशाळा असो की साधी खोली. दर माणशी दोन-अडीचशे रुपये जास्त लागले तरी लागू द्या. स्वयंपाकाच्या पाळ्या लावा, त्यात पुरुषांची नावे आधी घाला.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात बसा. महिला मंडळाला पहिल्यांदा बोलू द्या. किती जण, किती दिवस, कुठे मुक्काम आणि दर माणशी किती, हे चार रकाने फळ्यावर मांडा. गाडी कोणती हा प्रश्न मग आपोआप सुटेल. दर महिन्याला घरटी दोनशे रुपये बाजूला पडले तर वर्षाला २,४०० होतात. सहा घरांचे १४,४००. जवळच्या लेण्यांचा एक दौरा कर्जाशिवाय निघतो. सावकाराच्या पैशाने केलेल्या यात्रेपेक्षा आपल्या वहीत जमलेल्या पैशाची सहल कितीतरी पटीने मानाची.

जयभीम! नमो बुद्धाय!