विश्लेषण : ट्रेलर ‘रिव्हर्स’ घेणे नव्या चालकाला इतके अवघड का जाते?

न्हावा-शेवा बंदरातून ४० फुटी कंटेनर घेऊन निघालेला नवा चालक खंडाळ्याचा घाट चढतो, चाकणच्या कोंडीतून वाट काढतो आणि कारखान्याच्या फाटकापाशी येऊन अडतो. आता गाडी उलटी आत न्यायची असते. डॉक समोर दिसत असतो, अंतर जेमतेम ५० फूट. मागे दुचाकी तुंबलेल्या, कुणीतरी हॉर्न दाबून धरलेला, सुरक्षारक्षक शिट्टी मारतोय आणि तीन माणसे तीन दिशांनी हात हलवतायत. चालकाच्या खिशात अवजड वाहनाचा रीतसर परवाना असतो. पण ट्रेलर मागे घेण्याचा सराव त्याला मोकळ्या मैदानात कुणी करून घेतलेला असेलच असे नाही. बहुतेक जण हे कसब अशाच फाटकांवर शिकतात. भिंत दुसऱ्याची असते, वेळ मालकाचा असतो आणि नुकसान झाले तर ते चालकाच्या भत्त्यातून कापले जाण्याची भीती असते. ही शिकण्याची पद्धत बदलायला हवी.

पुढे सरळ, मागे उलटे असे का?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘आर्टिक्युलेटेड व्हेइकल’ची व्याख्या आहे : सेमी-ट्रेलर जोडलेले मोटार वाहन. रस्त्यावर अख्ख्या गाडीलाच ट्रेलर म्हणतात. पुढच्या इंजिन-केबिनच्या भागाला ट्रान्सपोर्टच्या बोलीत ‘हॉर्स’ आणि मागच्या सांगाड्याला ‘ट्रॉली’. हॉर्सच्या पाठीवर ‘फिफ्थ व्हील’ नावाची जाड लोखंडी थाळी असते. ट्रॉलीच्या तळाशी असलेली किंग पिन तीत अडकते. सगळी गंमत या एका सांध्यात आहे.

गाडी पुढे जाते तेव्हा हॉर्स ओढतो आणि ट्रॉली निमूटपणे मागे येते. थोडी वाकडी झाली तरी ओढ लागताच आपोआप सरळ होते. मागे जाताना मात्र हॉर्स ट्रॉलीला ढकलतो, आणि ढकललेली वस्तू स्वतःहून सरळ राहत नाही. तळहातावर काठी उभी धरून पाहावी. ती जराशी कलली की कलतच जाते, हात सतत हलवून तिला सावरावे लागते. ट्रॉलीचेही तसेच होते. दोन अंशांचा बाक पाहता पाहता दहा अंशांचा होतो.

त्यात स्टिअरिंगचा हिशेब उलटा. ट्रॉलीची शेपटी डावीकडे न्यायची असेल तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. त्याने हॉर्सचा मागचा भाग उजवीकडे सरकतो, किंग पिनला उजवीकडे रेटतो आणि ट्रॉली आपल्या चाकांभोवती फिरून शेपटी डावीकडे टाकते. इथवर बऱ्याच जणांना पहिल्या दिवशी जमते. चूक होते ती पुढच्या टप्प्यावर. हवा तेवढा बाक आला की स्टिअरिंग लगेच परत फिरवून, नंतर डावीकडे नेऊन, हॉर्सला ट्रॉलीच्या मागे लावायचे असते. नवखा चालक इथे दोन-तीन सेकंद उशीर करतो, कारण त्याला बाक दिसायलाच उशीर होतो. दिसतो तेव्हा तो घाबरून स्टिअरिंग भरपूर फिरवतो आणि ट्रॉली दुसऱ्या बाजूला पळते. मग पुन्हा उलट. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी नागमोडी नाचताना दिसते.

बाक एका मर्यादेपलीकडे गेला तर स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही तो मागे जाता जाता कमी करता येत नाही. तरीही रेटत राहिले तर हॉर्स आणि ट्रॉली खिशातल्या चाकूसारखी मिटतात. केबिनची मागची बाजू कंटेनरच्या कोपऱ्याला भिडते, हवेचे पाइप आणि वायरी ताणून तुटतात. यावर उपाय एकच : थांबणे, गाडी पुढे घेऊन सरळ करणे आणि नव्याने सुरुवात करणे. जुने चालक हे सहज करतात. नव्यांना मात्र पुढे घेणे म्हणजे हार वाटते.

शिकवणारे दोन साध्या युक्त्या सांगतात. सरळ मागे जाताना ज्या आरशात ट्रॉली जास्त दिसू लागेल त्या बाजूला स्टिअरिंग थोडेसे वळवायचे. आणि हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, म्हणजे शेपटी जिकडे न्यायची तिकडेच हात सरकतो आणि डोक्यातला उलटा हिशेब सुलटा होतो. दोन्ही युक्त्या खऱ्या आहेत, पण सरावाशिवाय त्यांचा उपयोग नाही. वेगही माणसाच्या चालीपेक्षा कमीच हवा.

लांब ट्रॉलीपेक्षा आखूड ट्रॉली मागे घेणे कठीण, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. ट्रॉली जितकी आखूड तितकी ती पटकन वळते आणि चालकाला सावरायला कमी वेळ मिळतो. ४० फुटी, म्हणजे सुमारे १२.२ मीटरचा कंटेनर त्या मानाने संथ असतो. त्यामुळे शेतात ट्रॅक्टरची दुचाकी ट्रॉली मागे घ्यायला शिकलेला मुलगा पुढे बंदरावर आला, तर त्याचा हात लवकर बसतो. (हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेला ट्रॅक्टर मात्र मागे घेण्याच्या फंदात कुणी सहसा पडत नाही. सांधे वाढले की हिशेब हाताबाहेर जातो.)

डावीकडचे फाटक

भारतात चालक उजवीकडे बसतो. उजवीकडे मागे वळताना तो खिडकीतून मान काढून ट्रॉलीचा कोपरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो. डावीकडे वळताना मात्र डाव्या आरशात ट्रॉलीची बाजू तेवढी भरते, मागचा कोपरा आरशाच्या चौकटीबाहेर निघून जातो आणि उजव्या आरशात कामाचे काहीच दिसत नाही. या बाजूला जगभर ‘ब्लाइंड साइड’ म्हणतात. गंमत अशी की आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, त्यामुळे निम्मी फाटके नेमकी या आंधळ्या बाजूलाच येतात. अनुभवी चालक शक्य असेल तर पुढून वळसा घालून उलट दिशेने येतो आणि फाटक उजवीकडे घेतो. चार-पाच किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, असा त्याचा हिशेब असतो. डिझेलचा हिशेब ठेवणाऱ्याला तो पटेलच असे नाही.

दुसरा धोका पुढच्या बाजूला असतो. सगळ्यांचे डोळे शेपटीकडे लागलेले असताना हॉर्सचे नाक समोरच्या लेनमध्ये झाडूसारखे फिरते. भिवंडीच्या गोदामांच्या गल्ल्यांत किंवा तळोजा, कळंबोलीच्या रस्त्यांवर नेमक्या त्या फटीतून दुचाकीस्वार निसटू पाहतात. चालक त्या क्षणी मागे पाहत असतो.

नियमांत काय आहे?

अवजड वाहतूक वाहनाच्या परवान्यासाठी वयाची किमान २० वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत मध्यम व अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. त्यात वर्गातले शिक्षणही आले आणि प्रत्यक्ष वाहन चालवणेही. या केंद्रांत सिम्युलेटर आणि स्वतंत्र चाचणी-मार्ग असणे बंधनकारक आहे. कागदावर ही चांगली सुधारणा आहे. पण ३८ तासांत घाट, गिअर, ब्रेक, नियम, प्रथमोपचार, इंधनबचत असे सगळेच बसवायचे, तर सांध्याच्या गाडीवर मागे जाण्याच्या सरावाला किती वेळ उरणार?

ब्रिटनमध्ये याच वर्षी वेगळी वाट निवडली गेली. तिथे चालकांचा तुटवडा होता. नोव्हेंबर २०२१ पासून आधी साध्या ट्रकचा परवाना काढण्याची अट काढून थेट आर्टिक्युलेटेड लॉरीची परीक्षा देण्याची मुभा मिळाली. त्याच वेळी मागे घेण्याची चाचणी रस्त्यावरच्या परीक्षेतून वेगळी केली गेली. बंद आवारात इंग्रजी ‘एस’च्या आकारात गाडी मागे नेऊन ठरलेल्या खणात उभी करायची, आणि ट्रॉली सोडवून पुन्हा जोडून दाखवायची. हेतू परीक्षा झटपट उरकण्याचा होता, हे खरे. तरीही मागे घेणे ही स्वतंत्रपणे तपासण्याची बाब आहे हे त्यातून मान्य झाले.

अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ पासून नव्या व्यावसायिक चालकांसाठी प्रशिक्षण सक्तीचे आहे. तिथे किमान तास ठरवलेले नाहीत, कौशल्य आल्याचे प्रशिक्षकाने प्रमाणित करायचे असते. सरावाच्या यादीत सरळ मागे जाणे, कोनात डॉकला लावणे, दिसणाऱ्या आणि आंधळ्या बाजूने उभी करणे असे प्रकार नावानिशी आहेत. त्याहून महत्त्वाची आहे ‘उतरा आणि पाहा’ ही शिकवण. शंका आली की गाडी थांबवायची, खाली उतरायचे, मागे जाऊन स्वतः पाहायचे. ती तिथल्या अभ्यासक्रमातच लिहिलेली आहे.

आपल्याकडे उतरून पाहणाऱ्या चालकाला काय ऐकावे लागते, ते कुठल्याही गोदामाच्या दारात उभे राहिले तर कळेल. ‘नवा आहे का रे?’ हा प्रश्न टोमणा म्हणून येतो. भारतीय नियमांत तास वाढवण्याआधी अमेरिकेतली ही एक ओळ आणावी. तिला खर्च नाही, आणि ती नियमात असली तर उतरणाऱ्याला टोमण्याला उत्तर देता येईल.

मागे उभा असलेला माणूस

या सगळ्यात सर्वात कमी बोलले जाते ते क्लीनरबद्दल. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत, ट्रॉलीच्या पत्र्यावर थाप मारत तो मागे उभा असतो. चालकाला आरशात तो दिसत असेल तोवर ठीक. ट्रॉली वाकली की ज्या जागेत तो उभा आहे तीच जागा आरशातून नाहीशी होते. इंजिनाच्या आवाजात थाप ऐकू येत नाही. मागे भिंत किंवा दुसरा ट्रेलर असेल तर पळायलाही जागा नसते.

अपघात झाला तर खटला चालकावर चालतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तो निष्काळजी होता की त्याला कधी शिकवलेच गेले नव्हते, हा प्रश्न पंचनाम्यात क्वचितच येतो. आवार कुणाचे होते, घाई कुणाची होती, इशारा देणारी माणसे तीन का होती, हेही नाही.

याचे नियम फार साधे आहेत आणि चांगल्या यार्डांत ते पाळलेही जातात. इशारा देणारा माणूस एकच असावा, तो ठरलेला असावा. चालकाला तो आरशात दिसेनासा झाला की गाडी त्याच क्षणी थांबावी, बोलावण्याची वाट पाहू नये. त्याने ट्रॉलीच्या थेट मागे कधीच उभे राहू नये. इशाऱ्यांचा अर्थ आधी दोघांनी बोलून घ्यावा, कारण चाकणच्या सुरक्षारक्षकाचा ‘बस’ आणि उत्तरेतून आलेल्या चालकाचा ‘बस’ एकाच अर्थाचा असेल असे नाही. आणि आता बऱ्याच ट्रेलरवर क्लीनर नसतोच. खर्च वाचवायला एकटा चालक पाठवला जातो. अशा वेळी मागे कुणाला उभे करायचे ही जबाबदारी आवाराच्या मालकाची असायला हवी. ज्याला पार्सल मोजण्यासाठी नेमले आहे, त्याला हात हलवायला पुढे ढकलणे म्हणजे धोका एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकवणे.

कॅमेरा लावला की प्रश्न मिटेल?

काही अंशी. पण हॉर्स एकाचा आणि ट्रॉली भलत्याची अशी जोडी रोज बदलते. हॉर्सच्या पाठीवरचा कॅमेरा फक्त कंटेनरचा पत्रा दाखवतो. कॅमेरा ट्रॉलीच्या शेपटीला हवा, आणि ट्रॉली बदलली तरी तो केबिनमधल्या पडद्याला जोडला जायला हवा. शिवाय कॅमेरा मागे काय आहे ते सांगतो, स्टिअरिंग केव्हा परत फिरवायचे ते सांगत नाही. सिम्युलेटरचेही तेच. उलटा हिशेब डोक्यात बसवायला तो उपयोगी आहे, पण भरलेल्या गाडीचे वजन आणि घासणाऱ्या टायरांचा आवाज त्यात येत नाही.

खरी गरज मोकळ्या जागेची आहे. एका रिकाम्या ट्रेलरला, चार प्लास्टिकच्या कोनांना आणि एका शांत प्रशिक्षकाला पुरेल एवढी जागा. बंदराभोवतीच्या कंटेनर यार्डांत आणि औद्योगिक वसाहतींतल्या ट्रक टर्मिनलमध्ये रविवारी सकाळी अशी जागा मिळू शकते. दहा सकाळी सरळ मागे, मग उजवा डॉक, सर्वात शेवटी डावा, हा क्रम पुरेसा आहे. खर्च कुणी करायचा यावर वाहतूकदार आणि गोदाममालक एकमेकांकडे बोट दाखवतील. पण फाटकाचे तुटलेले खांब, फुटलेले डॉकचे रबर आणि तासन्‌तास अडकलेल्या गाड्या यांचे बिल आजही त्यांच्यातच वाटले जाते. फरक इतकाच की ते प्रशिक्षणाच्या नावाखाली लिहिले जात नाही.