पोळ्याचा घास बेताने द्या

पोळा आला की महागाव परिसरात बैलांच्या कौतुकाला उधाण येते. खांदशेकणीला आवतण, दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, तोरण, पूजा. मग जोडी घरोघरी फिरते आणि प्रत्येक दारात पुरणपोळी, ठोंबरा पुढे येतो. भावना थोर आहे; परंतु पोट बैलाचे आहे, याचा विसर पडतो.

“वर्षातून एकदाच तर देतो, त्याने काय होते?” असे पुष्कळजण म्हणतात. वाचकहो, एकदाच देतो म्हणूनच बाधते! बैलाच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक चारा-पाणी मावते. तेथील सूक्ष्म जंतू चारा आंबवतात आणि तयार होणारा वायू ढेकरावाटे बाहेर पडतो. हे जंतू वर्षभर कडबा-कुटार व गवतावर पोसलेले असतात. त्यांना एकाएकी शिजवलेले धान्य व गोड मिळाले की पोटात आम्ल वाढते, रवंथ बंद पडते, ढेकर अडतो. कोवळा, ओला द्विदल चारा जास्त झाल्यास पोटात फेस होऊन वायू त्यातच कोंडतो. फुगलेले पोट फुप्फुसांवर दाबते आणि काही तासांत जनावर गुदमरून दगावू शकते.

डावी भकाळी फुगणे, टिचकी मारल्यास ढोलासारखा आवाज येणे, सारखी ऊठबस, पोटावर लाथा मारणे, तोंड उघडून धापा टाकणे ही लक्षणे ओळखावीत. चारा ताबडतोब बंद करावा. जनावर पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे. धाप नसेल तरच मोठ्या जनावरास पाव लिटर गोडेतेल सावकाश पाजावे. जीभ ओढू नये, तेल फुप्फुसात जाते. डागणी देणे किंवा चाकू खुपसणे हा अघोरी प्रकार आहे. वायू काढण्याची खास सुई व नळी पशुवैद्यकाकडेच असते. त्यांना विनाविलंब बोलवावे.

परंतु उपचारापेक्षा संयम स्वस्त. पोळ्याला जोडी बाहेर काढण्यापूर्वी तिला पोटभर कडबा-कुटार द्यावे. नैवेद्य एकाच घरी, तोही घासभर. इतर दारी ओवाळणी व नमस्कार पुरेसा आहे. उरलेले अन्न गाई-म्हशींपुढे टाकू नये, त्यांचीही पोटे तशीच. वर्षभर राबलेल्या बैलाचा मान त्याच्या पोटाला सोसेल असाच ठेवावा.